लँडफिलचा बांध २ मीटर वाढवायचा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाला नुसते पत्र देऊन चालेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

फोंडा तालुक्यातल्या तुमच्या कारखान्याच्या आवारात कारखान्याचेच, म्हणजे कॅप्टिव्ह, सुरक्षित लँडफिल, म्हणजे घातक कचरा पुरायची जागा, आहे. साधारण २,००० चौरस मीटरचा एक सेल, म्हणजे कचरा भरायचा कप्पा, दुहेरी लायनरचा (गळती रोखणारी दोन अस्तरे). सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ त्यात जातो. सेल भरत आलाय. व्यवस्थापनाला तीन गोष्टी करायच्या आहेत. कडेचा बांध २ मीटर चढवायचा. ट्रक वळायला अडचण होते म्हणून लीचेटची (कचऱ्यातून झिरपणाऱ्या दूषित पाण्याची) टाकी २५-३० मीटर खाली, उताराच्या बाजूला न्यायची. आणि कंपनीच्याच वेर्ण्याच्या युनिटमधला रंगाचा गाळ यापुढे इथे आणून टाकायचा. कन्सल्टंट म्हणतो, "किरकोळ बदल आहेत, मंडळाला पत्र देऊ, पोच घेऊ आणि पाऊस उघडला की कामाला लागू." त्या पत्रावर सही तुमची हवी आहे. शेवटी जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय: दोन लायनरांच्या मधल्या थराच्या सम्पमध्ये (पाणी साठून उपसायच्या खड्ड्यात) "थोडे पाणी येते, बहुधा पावसाचेच असावे."

सही करू नका. तिन्हींपैकी एकही बदल नुसत्या पत्रावर होण्यासारखा नाही, आणि तिसरा तर वेगळ्याच रांगेतला आहे. त्या शेवटच्या वाक्याकडे मी उत्तराच्या अखेरीस येतो, कारण माझ्या लेखी तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

मी २४ वर्षे हे काम करतोय. आधी गुजरात आणि महाराष्ट्रात, गेली १२ वर्षे गोव्यात. लँडफिलची ड्रॉइंग काढणे, उन्हात उभे राहून लायनर घालून घेणे आणि मग मंडळाच्या शंकांना उत्तरे देणे, हे सगळे केलेय. तुमची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत. त्यामुळे "अमुकच अर्ज करा" असे काही ठिकाणी ठामपणे सांगता येणार नाही; तुमच्या ऑथरायझेशनमध्ये (घातक कचरा हाताळण्याच्या परवानगीत) आणि कन्सेंटमध्ये (संमतिपत्रांत) नेमके काय लिहिलेय त्यावर ते ठरेल. विचार कसा करायचा ते मात्र सांगतो.

"किरकोळ बदल" हा शब्द नियमांत नाही. बदल लहान की मोठा हे त्याच्या खर्चावरून किंवा मीटरवरून ठरत नाही. मी काय करतो सांगतो. चार कागद टेबलावर पसरतो: घातक कचरा नियमांखालचे ऑथरायझेशन, जल आणि वायू कायद्यांखालची संमतिपत्रे, पर्यावरण मंजुरी असेल तर तिचे पत्र, आणि मंडळाने मंजूर केलेली ड्रॉइंग. हातात पेन्सिल घेऊन एकेक बदल त्या चारही कागदांतल्या ओळींशी ताडून पाहतो. बदल केल्यावर जी ओळ खोटी ठरेल तिच्याखाली रेघ. ज्या कागदावर रेघ पडली तो देणाऱ्याची परवानगी आधी घ्यायची. पंप जाऊन त्याच क्षमतेचा दुसरा आला, कुंपण बदलले, वजनकाटा नवा बसवला, तर एकही ओळ खोटी होत नाही. नोंदवहीत लिहायचे, वार्षिक विवरणात उल्लेख करायचा, संपले. तुमच्या तीन बदलांत मात्र जवळजवळ प्रत्येक कागदावर रेघ पडणार आहे.

मूळ आधार घातक व अन्य कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ चा आहे. त्यातला नियम १६ कन्सल्टंटपुढे ठेवा. सुविधा सामायिक (अनेक कारखान्यांची) असो की कॅप्टिव्ह, ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तांत्रिक मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आखायची आणि आराखडा व मांडणी यांना राज्य मंडळाची मंजुरी घ्यायची, असे तो सांगतो. "आमचे कॅप्टिव्ह आहे, आम्हाला एवढे लागू नाही" हे मी अनेक मीटिंगांत ऐकलेय. कॅप्टिव्हचा उल्लेख त्या नियमात स्पष्ट आहे. बांधाची उंची म्हणजे आराखडा, टाकीची जागा म्हणजे मांडणी. यात अर्थ काढण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही.

आता एकेक बदल.

बांधापासून सुरुवात करू, कारण तो कागदावर सगळ्यात निरुपद्रवी दिसतो. ३ आडवे आणि १ उभे असा उतार ठेवला तर २ मीटर चढण्यासाठी पायथा ६ मीटर सरकतो. बाहेरून सरकवला तर तो बहुतेक वेळा पावसाचे पाणी बाजूला काढणाऱ्या गटारावर जाऊन बसतो. मग गटार हलवायचे, म्हणजे चौथा बदल आला. आतून चढवला तर जागाच कमी होते आणि हिशेबात धरलेली क्षमता निम्मीही मिळत नाही. हे साधे रेखाचित्र तुमच्या व्यवस्थापनाला कुणी काढून दाखवलेय का? मला शंका आहे.

मग वजन. ओला गाळ घनमीटरला दीड टनाच्या आसपास धरला तर २ मीटर वाढीचा अर्थ तळावर दर चौरस मीटरला सुमारे ३ टन जादा भार. तळाशी लीचेट गोळा करणाऱ्या भोकांच्या पाइप मूळ उंचीसाठी निवडलेल्या असतात. त्या दबल्या तर वरून काहीच कळत नाही. लीचेट पंपाकडे यायचे बंद होते, आणि ऑपरेटर खूश होतो की या वर्षी लीचेट कमी आहे. ते खरे तर लायनरवर साचत असते. लायनरवर लीचेटची पातळी ३० सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, ही मर्यादा त्यासाठीच पाळायची असते.

तिसरी गोष्ट घसरण. गुळगुळीत एचडीपीई जिओमेम्ब्रेन (लायनरचा प्लास्टिकचा पत्रा) आणि ओली चिकणमाती यांच्यामधले घर्षण फार कमी असते. साबण लावलेल्या पाटावर ओले कापड ठेवून पाट तिरका करून बघा, तसे. कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स इथल्या घातक कचऱ्याच्या लँडफिलमध्ये मार्च १९८८ मध्ये भरलेला कचऱ्याचा ढीग लायनरच्या थरांवरूनच घसरला आणि काही ठिकाणी १० मीटरच्या आसपास सरकला. आमच्या धंद्यात तो दाखला अजून शिकवला जातो. उंची वाढवताना उताराच्या स्थैर्याचा हिशेब नव्याने करावा लागतो, तोही थरांच्या सीमेवरच्या घर्षणाचे खरे आकडे घालून. मंडळाचा अभियंता पहिला तोच कागद मागेल. मागितला नाही तरी तुम्ही द्या.

आणि पाऊस. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पडतो, सत्तरीकडे त्याहून जास्त. एकट्या जुलैत १,००० मिलिमीटरच्या घरात. तुमच्या २,००० चौरस मीटरच्या सेलवर छप्पर किंवा ताडपत्री नसेल तर त्या एका महिन्यात २० लाख लिटर पाणी कचऱ्यावर पडेल. १०,००० लिटरचे २०० टँकर. बांध चढवला की सेल आणखी दोन-तीन पावसाळे उघडा राहणार. हा हिशेब अर्जात नसेल तर तो अर्ज मी स्वतःच परत पाठवला असता.

टाकीचे सांगताना मला एक जुनी गोष्ट सांगावीच लागेल. कोकणपट्टीतली साइट, नाव घेत नाही. तिथेही टाकी ट्रकसाठी हलवली होती, "तीसच पावलं" असे मला सांगण्यात आले. मी तेव्हा सल्लागाराच्या हाताखाली होतो, ड्रॉइंग दुरुस्त करायची राहिली होती आणि मीही पाठपुरावा केला नाही. नवी जागा सड्याच्या कडेला होती. ओव्हरफ्लोचा पाइप मूळ ड्रॉइंगप्रमाणे सेलकडे परत उतरत होता. टाकी खाली गेल्यावर तो उतार उलटा झाला. दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, खालच्या कुळागराचे (पोफळीच्या बागेचे) मालक गेटवर आले. हातात झाकण घट्ट लावलेली बाटली. भांडायला आले नव्हते. म्हणाले, "आमच्या झरीचं पाणी आहे. चव बदललीय. तुम्ही बघा जरा." आम्ही तपासले: क्लोराइड आणि विरघळलेले क्षार आधीच्या नोंदींच्या कितीतरी वर. पोफळींना त्या झरीचेच पाणी जात होते, आणि घरातही. झर पुन्हा पिण्याजोगी म्हणायला दोन वर्षे गेली. तोवर त्या घराला टँकरचे पाणी. त्या बाटलीवर कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यांनी तारीख आणि वेळ लिहिली होती. आमच्या लॉगबुकात त्या आठवड्याची पाने कोरी होती.

आपल्या जमिनीत हे का होते ते तुम्हाला माहीत असेल, तरी सांगतो. जांभा वरून दगड दिसतो, आतून चाळणी. सड्यावर पडलेले पाणी त्यातल्या पोकळ्यांतून उतरते आणि पायथ्याला झर होऊन बाहेर येते. दख्खनच्या काळ्या मातीत जे वर्षानुवर्षे जागचे हलत नाही ते इथे एका पावसाळ्यात कुणाच्या तरी विहिरीत पोहोचू शकते. म्हणून टाकीच्या बाबतीत ३० मीटर हा अगदी खरा बदल आहे. भूजल पातळी लायनरच्या तळापासून किमान २ मीटर खाली हवी, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून आणि वस्तीपासून ५०० मीटर, नदीपासून १०० मीटर, तलावापासून २०० मीटर. केंद्रीय मंडळाच्या लँडफिल निकषांतली ही अंतरे टाकीच्या नव्या जागेवरूनही मोजून द्या. भूजल पातळी ऑगस्टमधली घ्या. एप्रिलमध्ये खड्डा खणून "५ मीटरपर्यंत पाणी नाही" असे लिहिलेले अहवाल मी पाहिलेत. तोच खड्डा श्रावणात रात्रभरात भरतो. शिवाय जल कायद्याच्या कलम २५ मध्ये प्रक्रिया किंवा विल्हेवाट व्यवस्थेचा विस्तार आणि तिच्यात घातलेली भर यांनाही पूर्वसंमती लागते. म्हणजे टाकीसाठी आराखड्याची मंजुरी आणि संमतिपत्रातली दुरुस्ती, दोन्ही.

वेर्ण्याच्या रंगाच्या गाळाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. कंपनी एक असली तरी आवार एक नाही. कॅप्टिव्ह सुविधा म्हणजे धारकाच्या आवारात त्याच्याच कचऱ्यासाठी उभारलेली. दुसऱ्या आवाराचा कचरा आला की तुम्ही सामायिक सुविधेच्या दारात उभे राहता. पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना, २००६ च्या परिशिष्टातील ७(ड) ही नोंद अशा सामायिक सुविधांसाठीच आहे: कचरा जाळण्याची भट्टी असलेल्या सुविधा अ वर्गात, फक्त लँडफिल असलेल्या ब वर्गात. ब वर्ग म्हणजे राज्याच्या प्राधिकरणाकडे अर्ज, पण सर्वसाधारण अटीप्रमाणे ५ किलोमीटरच्या आत अभयारण्य किंवा राज्याची हद्द असली की प्रकरण अ वर्गासारखे दिल्लीला जाते. गोव्याचा नकाशा समोर ठेवा: म्हादई, बोंडला, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव, आणि पूर्वेला सगळीकडे कर्नाटकची हद्द. अंतर मोजल्याशिवाय इथे कुणी ब वर्ग म्हणू नये. "प्रदूषण वाढत नाही" असे प्रमाणपत्र घेऊन मंजुरीतून सुटण्याची २०२१ ची सवलत तुमच्या कन्सल्टंटच्या डोक्यात असेल, तर ती उत्पादन आणि प्रक्रिया उद्योगांच्या नोंदींसाठी आहे. नोंद ७ त्यात येत नाही.

मुख्य कारखान्यालाच जुनी पर्यावरण मंजुरी असेल आणि तिच्यात लँडफिलचा उल्लेख असेल, तर बांध आणि टाकीसाठीही तिच्या अटी वाचाव्या लागतील. कुठे दुरुस्ती मागावी लागेल, कुठे मंडळाची मंजुरी पुरेल, हे ते पत्र पाहूनच सांगता येईल.

कागद बाजूला ठेवला तरी तो गाळ त्या सेलमध्ये जाऊ नये असे माझे मत आहे. तुमचा गाळ बहुधा वर्ग ३५.३ चा, धातूंची हायड्रॉक्साइडे असलेला. रंगाचा गाळ वर्ग २१.१ चा, त्यात सॉल्व्हंट असणार. सॉल्व्हंट एचडीपीईतून अखंड पत्र्यातूनही हळूहळू झिरपतात. भोक असायची गरज नाही. त्या गाळात उष्मांकही चांगला असतो, म्हणजे तो जाळून उष्णता मिळते. नियम ४ मधली उतरंड पाहा: टाळणे, कमी करणे, पुनर्वापर, पुनर्चक्रीकरण, सिमेंट भट्टीतल्या सह-प्रक्रियेसारखा उपयोग, आणि सगळ्यात शेवटी विल्हेवाट. रंगाचा गाळ सिमेंट भट्टीत किंवा १,१०० अंशांच्या दुय्यम कक्षाच्या भट्टीत जायला हवा. मंडळ हा प्रश्न विचारणारच, आणि विचारायलाच हवा.

तसाच आणखी एक प्रश्न मी तुमच्या व्यवस्थापनाला विचारेन. पूर्वी गोव्यातला घातक कचरा परराज्यातल्या सुविधांकडे पाठवावा लागायचा, म्हणून कॅप्टिव्ह लँडफिल ठेवणे समजण्यासारखे होते. आता सत्तरीत पिसुर्ले औद्योगिक वसाहतीत सामायिक सुविधा आहे. बांध वाढवून दोन-तीन वर्षे मिळवण्यापेक्षा हा सेल नीट झाकून बंद करणे आणि पुढचा गाळ तिकडे पाठवणे परवडते का, याचा हिशेब झालाय का? बंद केल्यावरची ३० वर्षांची देखभाल तुम्हाला चुकणार नाहीच. दरवर्षी उघडा ठेवून ती जबाबदारी फक्त वाढत जाते.

आता पत्र आणि पोच. पोच म्हणजे कागद आवकमध्ये पडला याची खूण, एवढेच. जल कायद्यात पूर्ण अर्जावर चार महिने निर्णय झाला नाही तर संमती मिळाल्याचे मानले जाते, आणि त्यावरून लोक घातक कचऱ्याच्या ऑथरायझेशनलाही तेच लावतात. तिथे मंडळाला पूर्ण अर्जानंतर १२० दिवसांची मुदत आहे, पण मुदत उलटली म्हणून परवानगी मिळाली असे होत नाही. नाकारले किंवा अट पटली नाही तर ३० दिवसांत राज्याच्या पर्यावरण सचिवांकडे अपील करता येते. हा रस्ता सरळ आहे आणि तो वापरण्यात कमीपणा नाही.

आणीबाणी मात्र वेगळी. बांधाला चीर गेली, पाइप फुटला, तर परवानगीची वाट पाहत बसायचे नाही. आधी थांबवा, त्याच तासाला मंडळाला फोन आणि ईमेल करा, मग नमुना ११ मधला अहवाल द्या. तात्पुरती दुरुस्ती कायमची ठेवायची असेल तेव्हा आराखड्याची मंजुरी.

अर्ज कसा करावा यावर थोडे, कारण उशीर बहुतेक आपल्याच हाताने होतो. साळगावला मंडळाच्या कार्यालयात जाऊन संबंधित अभियंत्याशी अर्जाआधी बोला. दडवादडवी नको, पूर्ण चित्र सांगा. पहिल्या पानावर आधी काय होते आणि आता काय होणार याचा साधा तक्ता. मागे प्रत्यक्ष बांधकामाची ड्रॉइंग, नवी पातळीमोजणी, लायनरच्या जोडांच्या मूळ चाचण्या (हवेच्या दाबाच्या, व्हॅक्यूम बॉक्सच्या, ओढून पाहण्याच्या), स्थैर्याचा हिशेब, पावसाचा हिशेब, आणि पिझोमीटरच्या (भूजल तपासण्याच्या नळ्यांच्या) किमान तीन वर्षांच्या नोंदी: वरच्या बाजूचा एक, खालच्या बाजूचे तीन. जुन्या जोडांच्या चाचण्या सापडत नसतील तर तसे स्पष्ट लिहा. नंतर उघडे पडण्यापेक्षा ते बरे. शंका आल्या की सगळ्या एकत्र घेऊन एकाच उत्तरात मिटवा. एकेक शंकेला एकेक पत्र लिहिले की सहा महिने असेच जातात. औद्योगिक वसाहतीत असाल तर बांधकामासाठी औद्योगिक विकास महामंडळ, आणि कारखाने व बाष्पके खात्याकडेही बदललेली मांडणी द्यावी लागेल. ते समांतर चालू शकते.

वेळेचे गणित पावसाशी जुळवा. चिकणमातीचा थर ओल्या हवेत दबत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात झाकला नाही तर तडकतो. आपल्याकडे लायनरचे चांगले काम नोव्हेंबर ते मार्च एवढेच. त्यासाठी अर्ज आधीच्या मार्च-एप्रिलमध्ये पूर्ण होऊन पडायला हवा. आता ऑगस्ट चालू आहे. या वर्षी बांध वाढवणे होणार नाही, हे व्यवस्थापनाला आत्ताच स्वच्छ सांगा. तोवर सेल भरला तर गाळ पिसुर्ल्याला पाठवण्याची सोय करून ठेवा. त्यासाठी करार, सात प्रतींचे मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा नोंदपत्रक), वाहतुकीची कागदपत्रे लागतील, आणि ती महिन्याभरात होतात.

तुमच्या सहीबद्दल. तुमच्या वरिष्ठांना दोन परिच्छेदांची अंतर्गत नोंद लिहा: कुठला बदल कुठल्या कागदातली कुठली ओळ खोटी करतो, आणि म्हणून कुठली परवानगी आधी लागेल. आवाज चढवू नका, कुणावर आरोप नको. नियम २३ प्रमाणे पर्यावरणाच्या किंवा तिसऱ्या माणसाच्या नुकसानीला कारखाना जबाबदार आहे हे त्यांना एकदा वाचू द्या. बहुतेक व्यवस्थापक ते वाचल्यावर थांबतात. मला तरी तसा अनुभव आला.

आणि आता ते "थोडे पाणी".

दोन लायनरांमधला थर वरचे लायनर गळते का हे सांगण्यासाठीच असतो. तिथे पाणी येणे म्हणजे लगेच घात झाला असे नाही. चिकणमाती दबताना तिच्यातले पाणी निघते, वरच्या नांगर-चरातून (लायनरची कड पुरून अडकवलेल्या चरातून) किंवा सम्पच्या उभ्या पाइपाच्या तोंडातून पाऊस शिरतो. पण वरचे लायनर फाटलेय का, हे कळल्याशिवाय त्याच्यावर ३ टन भार वाढवण्याचा विचारही करता कामा नये. आणि ते शोधायला पावसाळ्यासारखी वेळ नाही.

रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्या सम्पमधले पाणी पूर्ण उपसा, लिटरमध्ये मोजा, शेजारी त्या दिवसाचा पाऊस लिहा. त्याची विद्युतवाहकता तिथेच मीटरने पाहा, आणि आठवड्यातून एकदा क्लोराइड व तुमच्या गाळातले मुख्य धातू प्रयोगशाळेत तपासा, वरच्या सम्पमधल्या लीचेटच्या नमुन्यासोबत. दोन आठवड्यांनी वरचा सम्प सलग तीन दिवस शक्य तेवढा कोरडा ठेवा. खालचे पाणी त्याबरोबर घटले आणि त्याची चव, म्हणजे क्षार, वरच्या लीचेटसारखी निघाली, तर वरचे लायनर गळतेय. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी वाढते आणि गोडे आहे, तर पाइपाचे तोंड आणि नांगर-चर तपासा. दोन्ही नसेल तर आणखी विचार करू. खालच्या बाजूच्या पिझोमीटरांतले पाणीही याच दिवसांत तपासून घ्या, आणि उताराखाली कुणाची विहीर किंवा झर असेल तर त्यांना सांगून, त्यांच्यासमोर नमुना घ्या.

गळती निघाली तर मंडळाला तुम्हीच आधी कळवा, बांधाच्या अर्जाची वाट न पाहता. या नोंदी चवथीच्या सुट्टीतही चुकवू नका. रजेवर जाणार असाल तर कुणाला तरी नेमून, मीटर हातात देऊन आणि एकदा समोर करून घेऊन जा. पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे आणि सम्पच्या पाइपाच्या तोंडाचा फोटो मला पाठवा.